कैदी पूर्वज शोधताना नाव धरू नका, जहाज धरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर मेलबर्नचेच, सासूबाईंकडून ऐकलेलं असं की मिस्टरांचे खापरपणजोबा इंग्लंडहून कैदी म्हणून टास्मानियात आले, शिक्षा संपल्यावर सोन्याच्या नादात व्हिक्टोरिया प्रांतातल्या बेंडिगोला गेले आणि तिथेच संसार थाटला. गुन्हा काय, तर पाव चोरला. आणि घरातलं आणखी कुणीतरी म्हणतं की त्याआधी ते मुंबईत पलटणीत होते. लेकाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही नाव टाकून सर्च केलं तर त्याच नावाचे डझनभर कैदी निघाले, आणि कुण्या अनोळखी माणसाने आपल्या ऑनलाइन फॅमिली ट्रीमध्ये त्यातला एक उचलून तुमच्या घराण्याला चिकटवून पण टाकलाय. तर तो आपलाच कशावरून, हा प्रश्न.

आत्ता तुमच्याकडे जेवढी माहिती आहे त्यावरून सांगते, कशावरूनच नाही. तो कदाचित बरोबरही असेल, पण नाव आणि साधारण वय जुळलं एवढ्यावर ठरवलंय हे उघड दिसतंय. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटिश सरकारने साधारण १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले, त्यातले सत्तर हजारांच्या वर एकट्या टास्मानियात, ज्याला तेव्हा व्हॅन डीमेन्स लँड म्हणायचे. आणि त्या काळच्या इंग्लंड-आयर्लंडमध्ये नावं किती मोजकी होती बघा, जॉन, विल्यम, थॉमस, जेम्स, मेरी, एलिझाबेथ, संपलं. त्यामुळे तिथल्या सरकारी कारकुनांनीच यावर तोडगा काढला होता, माणसाची ओळख नुसत्या नावाने करायचीच नाही, नाव आणि जहाज अशी जोडी लिहायची. लग्नाचा अर्ज असो, पळून गेल्याची नोटीस असो, सुटकेचा कागद असो, सगळीकडे अमका, अमक्या जहाजाचा. त्यात एकाच नावाचं जहाज पाच-सहा वेळा पण यायचं, ‘एशिया’ हे जहाज असंच, म्हणून टास्मानियाच्या इंडेक्समध्ये जहाजाच्या नावापुढे कंसात फेरीचा आकडा असतो, तो आकडा पण उतरवून घ्यायचा. जहाज, खटला कुठे आणि कधी चालला, शिक्षा किती वर्षांची, या तीन गोष्टी हातात आल्या की मग नाव कितीही कॉमन असू दे, माणूस हरवत नाही.

पण जहाज शोधायला सुरुवात जहाजांच्या यादीतून करायची नाही, हे आधी सांगते कारण सगळे तेच करतात. सुरुवात आपल्या बाजूने, म्हणजे माणूस मेला तिथून करायची आणि मागे मागे जायचं.

तुमचं नशीब चांगलं आहे की तो व्हिक्टोरियात वारला. व्हिक्टोरियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली आणि तिथलं डेथ सर्टिफिकेट म्हणजे अर्धा वंशवृक्षच असतो. आईवडिलांची नावं, बापाचा धंदा, जन्म कुठला, लग्न कुठे कितव्या वर्षी कोणाशी झालं, मुलं किती, त्यांची नावं-वयं, आणि सगळ्यात कामाचा रकाना म्हणजे कॉलन्यांमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये, किती वर्षं आणि कुठल्या कुठल्या. इंडेक्स ऑनलाइन फुकट बघता येतो, स्कॅन विकत घ्यावा लागतो, तो घ्याच. टास्मानियात नोंदणी १८३८ च्या शेवटी सुरू झाली, ऑस्ट्रेलियात सगळ्यात आधी, पण तिथली जुनी मृत्यूनोंद अगदी कोरडी, नाव, वय, धंदा, कशाने गेला, बस. त्यामुळे टास्मानियात वारलेल्यांचं काम जास्त अवघड असतं.

आता हे सर्टिफिकेट आलं तरी त्यातलं सगळं खरं मानायचं नाही. माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते, मागे राहिलेल्यांनी दिलेली असते. नेड केली सगळ्यांना माहितीय, व्हिक्टोरियातला तो प्रसिद्ध दरोडेखोर. त्याचे वडील जॉन केली, ज्यांना रेड केली म्हणायचे, ते १८६६ मध्ये अॅव्हनेल गावी वारले तेव्हा मृत्यूची नोंद करायला गेला तो नेड स्वतः, बारा वर्षांच्या आसपासचा पोरगा. आता एवढ्या पोराला बापाची आई कोण, आजोबांचा धंदा काय हे किती नक्की ठाऊक असणार. तर सर्टिफिकेटवर माहिती देणारा कोण ते आधी बघायचं. बायको असेल तर एक भरवसा, जावई असेल तर दुसरा, शेजारी किंवा हॉस्पिटलचा कारकून असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

आणि हा रेड केली तुमच्या केसला अगदी लागू पडतो म्हणून जरा थांबते इथे. आयर्लंडमधल्या टिपेररीचा माणूस, १८४१ मध्ये दोन डुकरं चोरली म्हणून सात वर्षं, ‘प्रिन्स रीजंट’ जहाजाने जानेवारी १८४२ ला होबार्टमध्ये उतरला, १८४८ ला सुटला आणि बास सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरियात, तेव्हाच्या पोर्ट फिलिपमध्ये, आला. १८५० ला मेलबर्नमध्ये लग्न. पुढे मुलगा प्रसिद्ध झाल्यावर बापाला मोठा आयरिश देशभक्त करणाऱ्या कथा पण फिरल्या, पण कागदावर दोन डुकरंच आहेत. टास्मानियातून सुटायचं, तिकडे गेलं की आपण कैदी होतो हे गिळून टाकायचं आणि नव्याने सुरुवात करायची, हा प्रवास हजारोंनी केलाय. १८५१ ला सोनं सापडल्यावर तर रांगच लागली. व्हिक्टोरियाच्या लोकांना हे इतकं खुपलं की १८५२ मध्ये त्यांनी कायदाच केला, टास्मानियातून सशर्त माफीवर आलेला माणूस दिसला तरी धरायचा. त्यामुळे खोटं बोलायला कारण होतं. सर्टिफिकेटवर नुसतं व्हिक्टोरियात ४० वर्षं लिहिलंय आणि टास्मानियाचा उल्लेखच नाही असं झालं तर दचकू नका, उलट मला तर अशा वेळी संशय जास्त येतो.

मग पुढची पायरी, तो सामुद्रधुनी कधी ओलांडून आला. लायब्ररीज टास्मानियाचा ‘टास्मानियन नेम्स इंडेक्स’ म्हणून आहे, पूर्ण फुकट, घरबसल्या, आणि खरं सांगायचं तर जगात कैद्यांचे इतके चांगले कागद दुसरीकडे क्वचितच असे खुले ठेवलेत. ऑस्ट्रेलियातले कैद्यांचे दस्तऐवज २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत गेले ते उगीच नाही. यात कैद्यांबरोबरच टास्मानिया सोडून जाणाऱ्यांच्या याद्या पण आहेत, आणि लॉन्सेस्टनहून मेलबर्नला निघालेल्या माणसापुढे बऱ्याचदा शिक्षा भोगून मोकळा झालेला आहे की जन्मतः मोकळा, आणि मुळात कुठल्या जहाजाने आला होता हे लिहिलेलं असतं. हे सापडलं तर जिंकलात. नाही सापडलं तर मग त्या डझनभर नावांना एकेक करून गाळायचं. टास्मानियातच मेलेले बाद. बेंडिगोत तुमच्या माणसाचं पहिलं मूल जन्मलं तेव्हा जे अजून तिकडे साखळीत होते ते बाद. तिकडे लग्न करून तिथेच पोरंबाळं असलेले, तेही बहुतेक बाद. हे काम कंटाळवाणं आहे पण यातच खरी खात्री मिळते, एक माणूस जुळला याने काही सिद्ध होत नाही, बाकीचे अकरा जुळू शकत नाहीत हे दाखवलं की सिद्ध होतं. त्या अनोळखी ट्रीवाल्याने हे केलंय का ते विचारा त्याला, छान शब्दांत विचारा, बहुतेक उत्तर येणार नाही.

आता मजेचा भाग. टास्मानियाचं कंडक्ट रेकॉर्ड, म्हणजे कैद्याच्या वागणुकीची सरकारी नोंद. पुरुषांचं साधारण १८४० च्या आधी आलेल्यांचं ‘कॉन ३१’ मालिकेत, नंतरच्यांचं ‘कॉन ३३’, बायकांचं ‘कॉन ४०’ आणि ‘कॉन ४१’. प्रत्येक माणसाला एक पान किंवा पानाचा तुकडा, त्यावर पोलीस नंबर, नाव, जहाज, खटल्याचं गाव-तारीख, शिक्षा. त्याखाली तुरुंगाचा शेरा, हल्कचा शेरा, म्हणजे ती जुनी जहाजं नदीत नांगरून कैदी कोंबायचे ना, तिथला, आणि प्रवासातल्या डॉक्टरचा शेरा. आणि मग कैद्याचं स्वतःचं म्हणणं, मी काय चोरलं, कोणाचं चोरलं, आधी किती वेळा आत गेलो होतो. उतरल्यावर त्यांना हे सगळं विचारायचे आणि कारकुनाकडे इंग्लंडहून आलेली यादी असायची, त्यामुळे थापा मारून फारसा उपयोग नसायचा. यानंतर बारीक अक्षरात पुढची सगळी वर्षं, दारू प्यायला, कामावरून गायब, मालकिणीला उलट बोलला, इतके फटके, इतके दिवस एकांतकोठडी, ट्रेडव्हील म्हणजे पायाने फिरवायचं शिक्षेचं चाक. वाचताना डोळे फुटतात, शब्द अर्धेमुर्धे लिहिलेत, शेवटी मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरं. टी एल म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह, शिक्षा संपायच्या आधी स्वतःचं काम करून राहायची मुभा, सी पी म्हणजे सशर्त माफी, एफ सी म्हणजे सुटकेचं सर्टिफिकेट, एवढे तीन ओळखता आले तरी माणसाचा प्रवास कळतो. अक्षर लागत नसेल तर त्याच कारकुनाच्या हातची शेजारची पानं चाळा, त्याचा एस आणि एच कसा येतो हे कळलं की पुढे सोपं जातं.

याच्या जोडीला वर्णनाची वही आणि आगमनाची यादी बघायची, ‘कॉन १८’, ‘कॉन १४’ वगैरे. उंची, केस, डोळे, जखमांचे व्रण, गोंदण. गोंदण आवर्जून बघा, नांगर-बिंगर सगळ्यांनाच असतो, पण दंडावर जी आद्याक्षरं असतात ती बरेचदा आई, बायको, भावंडांची असतात. आणि उत्तरार्धातल्या याद्यांमध्ये तर नातेवाईकांची नावं सरळ लिहिलेली असतात, आई अमकी, भाऊ तमके, राहणार अमकं गाव. व्हिक्टोरियाच्या डेथ सर्टिफिकेटवरची आईबापाची नावं आणि ही नावं जुळली की माणूस पक्का. मूळ गाव आणि खटल्याचं गाव यात गल्लत करू नका, लंडनला पकडलेला माणूस मूळचा कुठल्याही खेड्यातला असू शकतो. वय तर दोन-चार वर्षं इकडे तिकडे धरूनच चला.

पावाच्या गोष्टीबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात पाव किंवा रुमाल चोरलेला असतो. बहुतेक कैदी चोरीतलेच होते हे खरं, पण कागद उघडले की कपडे, बूट, मेंढी, घोडा, मालकाच्या घरातला ऐवज असं काहीतरी निघतं आणि बऱ्याच जणांना आधी एक-दोन लहान शिक्षा झालेल्या असतात. गरिबी होती यात वाद नाही, पण सासूबाईंना आधीच कल्पना देऊन ठेवा. खटला लंडनचा असेल तर तिथल्या ओल्ड बेली कोर्टाच्या ‘ओल्ड बेली ऑनलाइन’ या वेबसाइटवर कामकाज वाचायला मिळेल, फुकट, साक्षीपुरावे सगळे. लंडनबाहेरचा असेल तर एवढं तपशीलवार नसतं, मग त्या भागातली जुनी वर्तमानपत्रं आणि लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचं नॅशनल आर्काइव्हज म्हणजे सरकारी दफ्तरखाना आहे, तिथले दयेचे अर्ज, ‘एच ओ १७’ आणि ‘एच ओ १८’. हे अर्ज कुणी फारसे बघत नाही पण एखादा सापडला तर त्यात बायको काय म्हणते, गावचा पाद्री काय म्हणतो, सगळं घर उभं राहतं. आयर्लंडचा निघाला तर जरा दम धरा, १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सला आग लागली त्यात फार जळालं, पण १८३६ पासूनच्या रवानगीच्या नोंदी वाचल्यात आणि त्यांचा इंडेक्स आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजकडे आहे.

आता मुंबई. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले, कारण हे अशक्य नाही. हिंदुस्तानात असलेल्या गोऱ्या शिपायांना कोर्ट मार्शल होऊन ऑस्ट्रेलियात पाठवल्याची उदाहरणं आहेत, पळून जाणं, वरिष्ठावर हात उचलणं अशा गुन्ह्यांसाठी. तसं असेल तर कंडक्ट रेकॉर्डवर खटल्याच्या जागी मुंबई, पुणे, खडकी असं छावणीचं नाव आणि कोर्ट मार्शल असा शेरा दिसायला हवा. आणि गंमत अशी की मग तो इंग्लंडहून निघालेल्या जहाजांच्या ‘एच ओ ११’ या रजिस्टरमध्ये शोधून मिळणार नाही, कारण ती यादी ब्रिटनहून निघालेल्यांची. हिंदुस्तानातून असे कैदी चार-दोन करून साध्या मालवाहू जहाजावरून जायचे. त्या अनोळखी ट्रीवाल्याचा माणूस इंग्लंडहून निघालेल्या कैदी जहाजावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे एक तर तो माणूस चुकीचा किंवा मुंबईतच कोर्ट मार्शल झाल्याचा अंदाज चुकीचा.

पुढे जायचं तर तो राजाच्या पलटणीत होता की ईस्ट इंडिया कंपनीच्या, हे आधी ठरवायला लागतं, कारण कागद वेगवेगळ्या घरात आहेत. राजाच्या पलटणींचे हजेरीपट क्यूला ‘डब्ल्यू ओ १२’ मध्ये आणि परदेशातल्या कोर्ट मार्शलची रजिस्टरं ‘डब्ल्यू ओ ९०’ मध्ये. कंपनीच्या मुंबई फौजेचं सगळं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, तिथे मुंबई इलाख्यातले चर्चचे बाप्तिस्मे, लग्नं, दफन ‘एन ३’ या मालिकेत आहेत. ते नक्की बघा, हिंदुस्तानात आधी एक बायको असायची शक्यता पण सोडू नका. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथेही जुने दफ्तर आहेत, पण ते सगळ्यात शेवटी, पलटण आणि साल हातात असल्याशिवाय तिथे जाऊन काही हाती लागत नाही.

अशा शिपाई-कैद्यांचं एक उदाहरण सांगते. शिपाई मुद्दाम गुन्हा करतील हे ऐकायला विचित्र वाटतं पण १८२६ मध्ये सिडनीत ५७ व्या पलटणीतल्या सड्स आणि थॉम्पसन या दोघांनी नेमकं तेच केलं, फौजेतून सुटायचं म्हणून दुकानातून कापड चोरलं. शिपायापेक्षा कैद्याचं बरं चाललंय असं त्यांना वाटत होतं. गव्हर्नर डार्लिंगने जरब बसवायला दोघांना लोखंडी बेड्या-पट्टे घालून पलटणीसमोर उभं केलं, सड्स त्यानंतर थोड्याच दिवसांत मेला आणि डार्लिंगच्या मागे ते प्रकरण कायमचं लागलं.

मात्र मुंबईच्या कथेची दुसरी शक्यता पण आहे, आणि माझा कल खरं तर तिकडे आहे. कैदी जहाजांवर पहारा शिपायांचाच असायचा. पलटणी ऑस्ट्रेलियात काही वर्षं काढून पुढे हिंदुस्तानात जायच्या, आणि १८५० नंतर वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर पेन्शनीत निघालेले शिपाई कैद्यांवर पहारा करायला कुटुंबासकट आणले होते, त्यातल्या बऱ्याच जणांची नोकरी हिंदुस्तानात झालेली. म्हणजे घरात दोन वेगळे पूर्वज असतील, एक कैदी आणि एक शिपाई, आणि तीन पिढ्यांत त्यांचा एकच माणूस झाला असेल. हे मी खूप घरांत बघितलंय. सासूबाईंच्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या गोष्टी वेगळ्या लिहून काढा.

ज्यांना वाटतंय की आपल्या मराठी पूर्वजाला पण असं ऑस्ट्रेलियात पाठवलं असेल, त्यांच्यासाठी दोन ओळी. मुंबई इलाख्यातल्या देशी कैद्यांची रवानगी मुख्यतः मॉरिशस, सिंगापूर-पिनांगकडची ठाणी आणि १८५८ पासून अंदमान अशी होती. ऑस्ट्रेलियाच्या कागदांत हिंदी माणसं अगदी तुरळक सापडतात. तिथे वेळ घालवण्याआधी या बाकीच्या जागा बघा.

नाव बदलल्याची शंका असेल तर ती पण रास्तच आहे. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर जी मेरी रीबी आहे ना, ती कोवळ्या वयात मुलाच्या वेशात घोडा चोरताना पकडली गेली आणि तिच्यावर खटला जेम्स बरो या नावाने चालला, १७९२ ला सिडनीत उतरली आणि पुढे मोठी व्यापारी झाली. तिच्या वंशजांनी नुसतं मेरी शोधलं असतं तर खटला कधीच मिळाला नसता. अशा ठिकाणी डीएनए टेस्ट उपयोगी पडते, पण एकट्या डीएनएवर पाचव्या-सहाव्या पिढीचा माणूस ठरवू नका, चुलत-चुलत भावंडांचे तीन-चार मॅच एकाच जोडप्याकडे बोट दाखवत असतील तरच लक्ष द्या. आणि लग्नाचं पण बघा, शिक्षा चालू असताना लग्नाला सरकारची परवानगी लागायची, त्या परवानग्यांच्या नोंदी ‘कॉन ५२’ मध्ये आहेत, तिथे दोघांचीही जहाजं लिहिलेली असतात. म्हणजे बायको पण कैदी असेल तर एका ओळीत दोन पूर्वज. टास्मानियातल्या बायका शोधायच्या असतील तर होबार्टचं ‘फीमेल कन्व्हिक्ट्स रिसर्च सेंटर’ फार मनापासून काम करतं, त्यांचा डेटाबेस नक्की वापरा.

ब्रिटनसारखे दर दहा वर्षांचे जनगणनेचे फॉर्म इथे मिळतील अशी आशा ठेवू नका, ऑस्ट्रेलियात ते जपलेलेच नाहीत, न्यू साउथ वेल्सची १८२८ ची गणना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. त्याऐवजी ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीच्या ‘ट्रोव्ह’ या वेबसाइटवरची जुनी वर्तमानपत्रं बघा, बेंडिगोचं लोकल पेपर तर भरभरून आहे तिथे. मृत्यूच्या बातमीत जुना रहिवासी, अमक्या साली या किनाऱ्याला आला असं लिहितात, त्या सालावर विश्वास ठेवायचा आणि कुठून आला यावर नाही. पैसे देऊन घ्यायच्या वेबसाइट्सचं सबस्क्रिप्शन लगेच घेऊ नका, मोठ्या पब्लिक लायब्ररीत बसून त्या फुकट बघता येतात.

तर आत्ता एकच करा, डेथ सर्टिफिकेटचा स्कॅन मागवा. आला की आईबापाची नावं, कॉलन्यांमधली वर्षं आणि माहिती देणारा कोण, एवढ्या तीन गोष्टी इथे लिहा, पुढचं आपण बघू. प्रोजेक्टची तारीख जवळ असेल तर लेकाला टीचरला सांगू दे की शोध चालू आहे.